जिवंत दगड निवडताना

गोड्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. काहींच्या घरी ती असेलही. गप्पी, मॉली, गोल्डफिश ही मंडळी थोड्याशा काळजीवर सुखाने राहतात. खाऱ्या पाण्याची टाकी हे मात्र नाजूक प्रकरण आहे. तिच्यात समुद्राचे किंवा समुद्रासारखे तयार केलेले पाणी लागते, म्हणजे दर किलोग्रॅम पाण्यामागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. अशी टाकी उभी करायला निघालेल्या माणसाला जगात कुठेही पहिला सल्ला मिळतो तो असा, की "मासे नंतर घ्या, आधी चांगला 'लाइव्ह रॉक' घ्या." लाइव्ह रॉक म्हणजे जिवंत दगड!

दगड आणि जिवंत, हे कसे काय? तर हा दगड असतो प्रवाळभित्तीचा. प्रवाळ, म्हणजे ज्यांना आपण पोवळी म्हणतो ते चिमुकले समुद्री प्राणी, आपल्या भोवती कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात. प्राणी मरतो, सांगाडा उरतो. त्यावर गुलाबी-जांभळी शैवाले चुन्याचे थर चढवून तुकड्याला तुकडा सांधतात. पुढे किडे, शिंपल्या आणि स्पंज त्यात भोके पाडून घरे करतात. अशा या भोकाभोकांच्या दगडात अब्जावधी जीवाणू, शैवाले, कृमी आणि बारीक कवचधारी प्राणी नांदत असतात. दगड स्वतः जिवंत नसतो. जिवंत असतात ते त्यातले रहिवासी. मुंबईची एखादी जुनी चाळ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल.

हा दगड कसा निवडावा यावर शौकीन लोक तासन् तास बोलू शकतात. कोणत्या बेटाचा आहे, रंग किती, आकार किती चित्रविचित्र, यावर चर्चा रंगतात. मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या दृष्टीने या चर्चेत मुख्य प्रश्नच राहून जातो: दगडाने टाकीत काम कोणते करायचे आहे? ते काम एकदा नीट समजून घेतले, की माझे मत तुम्हालाही पटेल असे वाटते. ते मत आधीच सांगून टाकतो. टाकीसाठी सर्वांत चांगला दगड म्हणजे जो कोणत्याही जिवंत प्रवाळभित्तीतून तोडून आणलेला नाही तो. समुद्रावर दया करा, एवढेच सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. दगडाचे काम पाहिले तरी हाच निष्कर्ष निघतो.

तर आधी काम पाहू. मासा खातो, श्वास घेतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनिया निघतो. अमोनिया माशांना विषारी असतो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते. त्याचा सामू ८ च्या थोडा वर असतो. सामू जितका जास्त तितका अमोनियाचा अधिक भाग विषारी, मुक्त स्वरूपात राहतो. त्यामुळे खाऱ्या टाकीत थोडासा अमोनियाही महागात पडतो. अथांग समुद्रात तो पाण्यात पांगून जातो. शंभर लिटरच्या टाकीत तो जाणार कुठे?

इथे जीवाणू मदतीला येतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास या जीवाणूंचा शोध लावला. नायट्राइटही विषारीच; नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. या दोन्ही कामांना प्राणवायू लागतो. पण गोष्ट इथे संपत नाही. नायट्रेट टाकीत साचत जाते. त्याचा निकाल लावणारे तिसऱ्या प्रकारचे जीवाणू असतात आणि ते हे काम करतात प्राणवायू नसलेल्या जागी. प्राणवायू मिळेना, की ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू मोकळा होऊन हवेत निघून जातो.

म्हणजे एकाच टाकीत प्राणवायू भरपूर असलेली जागा हवी आणि मुळीच नसलेली जागाही हवी. सच्छिद्र दगड या दोन्ही जागा शेजारी शेजारी देतो. कशा, ते पाहायला आता माझ्या विषयाकडे या.

पहिली गोष्ट पृष्ठभागाची. १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १ मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठभाग होतो ६० चौरस सेंटिमीटर. द्रव्य तेवढेच, पृष्ठभाग दहापट! जीवाणू राहतात पृष्ठभागाला चिकटून. दगडाला जितकी बारीक छिद्रे अधिक, तितकी त्यांना जागा अधिक.

दुसरी गोष्ट विसरणाची. स्थिर पाण्याच्या पेल्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकला, तर जांभळा रंग हळूहळू पसरतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. दगडाच्या छिद्रांतले पाणी जवळजवळ स्थिर असते. तिथे प्राणवायू पोहोचतो तो असाच, रेणूंच्या धक्काबुक्कीने. या प्रवासाचा एक गमतीचा नियम आहे: अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो, अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट. पाण्यात प्राणवायूला १ मिलिमीटर जायला साधारण ४ मिनिटे लागतात. १ सेंटिमीटर जायला सुमारे ७ तास. आणि ५ सेंटिमीटरला? २५ पट, म्हणजे सुमारे एक आठवडा! शिवाय वाटेत बसलेले जीवाणू तो खाऊन टाकतात ते वेगळेच. म्हणून दगडाच्या वरच्या थरात प्राणवायू असतो आणि थोडे आत गेले की नसतो. टाकीतील पाणी वरून कितीही ताजेतवाने असो, दगडाच्या पोटात वेगळेच हवामान असते.

आता लक्षात घ्या, या साऱ्या कामात दगडाचे मूळ गाव कोणते, याचा संबंध कुठे आला? काम आहे छिद्रांचे आणि जीवाणूंचे. छिद्रे माणसाला करता येतात. जीवाणू तर स्वतःच आपली संख्या वाढवतात. त्यांना फक्त जागा, अन्न आणि वेळ हवा.

इथे आणखी एक विसंगती तुमच्या नजरेस आणतो. जिवंत दगड विकला जातो वजनावर. किती घ्यावा याचा जुना ठोकताळाही वजनाचाच आहे: दर गॅलन पाण्याला एक ते दोन पौंड, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला सुमारे १२ ते २४ किलोग्रॅम. पण आपल्याला हवी आहे पोकळी आणि पोकळीला वजन नसते! प्रवाळदगडाच्या घन द्रव्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.८ ग्रॅम धरा. एकेक लिटर आकारमानाचे दोन कोरडे दगड घ्या. पहिल्यात निम्मी पोकळी आहे, त्याचे वजन १.४ किलोग्रॅम. दुसऱ्यात पाचवा हिस्सा पोकळी आहे, त्याचे वजन भरेल सुमारे २.२४ किलोग्रॅम. दर किलोमागे सारखाच असेल, तर दुसऱ्याला आपण दीडपटीहून अधिक पैसे मोजणार आणि पोकळी मिळणार निम्म्याहूनही कमी. नारळ घेताना आपण जड बघून घेतो; इथे हलका बघून घ्यायचा.

हे तुम्हाला घरी पडताळून पाहता येईल. विटेचा एक तुकडा आणि आपल्या काळ्या पाषाणाचा एक तुकडा घ्या. कोकणात राहत असाल तर जांभ्याचाही घ्या. प्रत्येक तुकडा उन्हात चांगला वाळवून वजन करा. मग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी वरचे पाणी फडक्याने टिपून पुन्हा वजन करा. वाढलेले ग्रॅम म्हणजेच आत शिरलेल्या पाण्याचे घन सेंटिमीटर. मग तोच ओला तुकडा काठोकाठ भरलेल्या भांड्यात सोडून सांडलेले पाणी मोजा. ते झाले तुकड्याचे आकारमान. समजा, विटेचे वजन ४०० ग्रॅमचे ४६० झाले आणि पाणी सांडले २४० घन सेंटिमीटर. तर पोकळी झाली २४० पैकी ६०, म्हणजे २५ टक्के. काळ्या पाषाणाचा तुकडा घट्ट असेल, तर त्याचे वजन जेमतेम वाढेल. या पद्धतीने मोजली जाते ती फक्त बाहेरून पाणी जाऊ शकेल अशी पोकळी आणि आपल्या कामाची तीच. चारी बाजूंनी बंद असलेल्या छिद्राचा जीवाणूंना काय उपयोग? हे तुकडे मात्र प्रयोगापुरतेच बरे का. ते टाकीत घालायचे नाहीत.

आता या दगडाचा थोडा इतिहास. इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. टाकीत समुद्रातले जिवंत दगड ठेवायचे, हवेचे हलके बुडबुडे सोडायचे आणि बाकीचे काम निसर्गावर सोपवायचे, अशी ती होती. त्यांना समुद्र जवळ होता. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत बर्लिनमधील शौकिनांनी या दगडाला पाण्यातला फेस काढून टाकणाऱ्या यंत्राची जोड दिली आणि ती 'बर्लिन पद्धत' म्हणून जगभर गेली. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्यांना आता जिवंत दगड हवासा झाला. फिजी, टोंगा, इंडोनेशिया अशा देशांतून तो ओल्या कागदात गुंडाळून, खोक्यांत भरून, विमानाने जाऊ लागला. वाटेतच त्याच्यावरचे पुष्कळसे जीव मरत. मग तो दगड वेगळ्या भांड्यात कित्येक आठवडे मुरवत ठेवावा लागे, मेलेले सारे कुजून जाईपर्यंत! ज्या जिवंतपणासाठी दगड तोडला, त्याचा मोठा भाग असा वाटेतच संपत असे.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या किनाऱ्यावरही असा दगड काढला जात होता. त्या राज्याने १९८९ साली आपल्या हद्दीतील समुद्रात त्यावर बंदी घातली आणि १९९७ पर्यंत तेथील केंद्र सरकारच्या हद्दीतही नैसर्गिक दगड काढणे बंद झाले. पण बंदी घालून ते थांबले नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समुद्रतळाचे ठरावीक तुकडे भाड्याने देऊन तिथे दगडांची शेती करण्याची परवानगी त्यांनी दिली. जमिनीवरच्या खाणीतला चुनखडक आणून समुद्रात सोडायचा, काही वर्षे तसाच राहू द्यायचा आणि त्यावर जीवसृष्टी बसली, की काढून विकायचा. शेतातला दगड आणि मूळचा दगड वेगळा ओळखू यावा, अशी अटही घातली. म्हणजे जिवंत दगड मिळतो आणि भित्तीही शाबूत राहते.

तुमच्यापैकी कोणी विचारील, "सर, एवढ्याशा दगडांनी समुद्राचे काय बिघडते? प्रवाळांचा खरा शत्रू तर तापणारा समुद्र आहे." हे खरेच आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात हे जगभर घडले आणि २०२३ पासून चौथ्यांदा घडल्याचे शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये जाहीर केले. पण आजारी माणसाच्या अंगातून आम्ही थोडेसेच रक्त काढतो, असे म्हणून चालेल का? प्रवाळभित्ती वाढते ती वर्षाला काही मिलिमीटर. आपण खोक्यात भरलेला दगड बनायला जितका काळ लागला, तितका काळ कोणत्याही शौकिनाच्या हाती नाही.

शिवाय भित्ती म्हणजे केवळ प्राण्यांचे घर नव्हे. ती लाटांना अडवणारा बांधही आहे. तमिळनाडूतील मन्नारच्या आखाताचे उदाहरण पाहा. तिथे अनेक दशके चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून काढले गेले. तिथल्या २१ बेटांपैकी २ बेटे पाण्याखाली गेली आणि त्याचे एक मोठे कारण हे खणणेच मानले जाते. टाकीसाठी नेलेला दगड त्या मानाने अगदी थोडा, हे मला मान्य आहे. पण दगड काढला की बांध खचतो, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समुद्रातल्या दगडाबरोबर जे स्पंज, कृमी, बारीक कवचधारी प्राणी येतात, ते कोरड्या दगडात कुठून येणार? या आक्षेपात तथ्य आहे. कोरड्या दगडावरची टाकी सुरुवातीला ओकीबोकी दिसते आणि काही महिने तरी तिच्यात तसे वैविध्य नसते. पण त्यावरही उपाय आहे. ओळखीच्या एखाद्या शौकिनाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मूठभर आकाराचा एक दगड मागून घ्यावा आणि आपल्या कोरड्या दगडांत ठेवावा. दह्याला विरजण लागते ते चमचाभरच. पातेलेभर दही ओतून कोणी दही लावत नाही. आणि एक फायदाही सांगतो. समुद्रातून आलेल्या दगडात लपून नको ते पाहुणेही येतात: माशांवर हल्ला करणारी मँटिस कोळंबी, झपाट्याने पसरून इतरांना डंख करणारी ऐप्टेशिया नावाची समुद्रफुले. कोरड्या दगडात हा धोका नसतो.

मग प्रत्यक्ष निवड करायची कशी? पहिला प्रश्न विचारायचा तो उगमाचा: हा दगड आला कुठून? विक्रेत्याला नीट उत्तर देता आले नाही, तर दगड कितीही सुंदर असो, घेऊ नये. जमिनीवरच्या जुन्या प्रवाळखडकाच्या खाणीतला, शेतीतला किंवा माणसाने बनवलेला असेल, तर पुढे जावे. मग तो हातात घेऊन पाहावा. आकाराच्या मानाने हलका हवा. मूठभर ते नारळाएवढे दगड बरे. फार मोठ्या दगडाच्या गाभ्यापर्यंत नायट्रेटसुद्धा पोहोचत नाही, कारण विसरणाचा तोच नियम त्यालाही लागू आहे. सपाट फरशीसारखे दगड टाळावेत, ते एकमेकांवर बसून पाण्याची वाट अडवतात. ओल्या दगडाला सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर आत बरेच काही मेले आहे असे समजावे. चुन्याचा दगड आहे की नाही हे पाहायचे असेल, तर कोपऱ्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्शियम कार्बोनेट आहे. सिमेंटचा दगड असेल, तर तो पाणी बदलत कित्येक आठवडे भिजवावा, नाहीतर त्यातला चुना उतरून पाण्याचा सामू वाढतो.

दगड टाकीत मांडले, की लगेच मासे सोडू नयेत. हे जीवाणू वाढायला संथ असतात. आतड्यातले काही जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना कित्येक तास, कधी एखादा दिवसही लागतो. टाकीत अमोनियाचा थोडा पुरवठा करून दर दोन दिवसांनी पाणी तपासावे. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते, शेवटी नायट्रेट दिसू लागते. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या आकड्यांचा आलेख काढून पाहा. तीन वक्ररेषा एकीमागून एक कशा चढतात ते पाहण्यात मासे पाहण्याइतकीच मजा आहे, असे माझ्यासारख्या मास्तराला तरी वाटते.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते आढळतात आणि १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य घोषित झाले. २००१ पासून भित्ती बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही अनुसूची. म्हणजे आपल्या समुद्रातून प्रवाळाचा दगड तोडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या दगडालाही साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रे लागतात. सहलीला गेलात आणि पांढराशुभ्र, भोकाभोकांचा दगड किनाऱ्यावर दिसला, तर हात लावण्याऐवजी वहीत त्याचे चित्र काढा, जागा आणि तारीख लिहा. कुणी दुकानात तसला दगड कौतुकाने दाखवला, तर उगमाचा तो पहिला प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले, की दुकानदारालाही उत्तर शोधावे लागते.

काहींना वाटेल, टाकीच नको, ही सगळी कटकटच नको. मी तसे म्हणणार नाही. काचेमागचा एखादा मासा रोज पाहूनच कित्येकांना समुद्राची ओढ लागते आणि ती लागायला हवी. माझे म्हणणे एवढेच, की ज्या छिद्रांसाठी आपण दगड घेतो ती इतरत्रही मिळतात आणि जे जीवाणू हवेत ते मूठभर विरजणातून वाढतात. वेळ मात्र द्यावा लागतो, चार-सहा आठवडे पाण्यासाठी आणि काही महिने दगडावर रंग चढण्यासाठी. ज्याला एवढा धीर नसेल, त्याने खाऱ्या पाण्याच्या वाटेला न जाता गप्पी पाळावेत. तेही फार सुंदर असतात.

वीट आणि पाषाणाचा प्रयोग मात्र या रविवारी प्रत्येकाने करा. टाकी असो वा नसो, तराजू आणि काठोकाठ भरलेले पातेले सर्वांच्या घरी निघेल. तुमच्या गावच्या दगडात पोकळी किती टक्के निघाली, ते वहीत लिहून ठेवा आणि शेजारच्या मित्राच्या आकड्याशी ताडून पाहा.